ड्रायर फिरत नाही? मोटार बदलण्याआधी थांबा!

भर आषाढात आम्ही डिंभ्याला ताईच्या घरी गेलो होतो. मंचर-घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की पावसाची जातच बदलते. डिंभ्याला पोहोचेपर्यंत डोंगर ढगात गेलेले असतात आणि चार-चार दिवस उन्हाचे तोंड दिसत नाही. ताईच्या पडवीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या. त्यावर मुलांचे गणवेश, दाजींची कामावरची पँट, चादरी. सगळ्यांतून पाणी ठिबकत होते आणि घरभर ओल्या कपड्यांचा आंबूस वास भरून राहिला होता.

ताईच्या उजव्या मनगटाला फडके बांधलेले दिसले. विचारले तर म्हणाली, "महिना झाला, मशीनचा ड्रायर बंद पडलाय. पिळून पिळून हात गेला रे."

मशीन सेमी ऑटोमॅटिक, दाजींनी हप्त्याने घेतलेले. धुण्याची बाजू ठणठणीत. ड्रायरचे बटण फिरवले की मात्र नुसता घुमल्यासारखा आवाज येई, टप जागचा हलत नसे. बाजारपेठेतल्या एका मेकॅनिकने मशीन न उघडताच सांगून टाकले होते, मोटार जळाली, दोन हजार लागतील. ज्या घरात महिन्याचा किराणा, शाळेची वह्या-पुस्तके आणि मशीनचा हप्ता एकाच पगारातून भागवायचा असतो, तिथे दोन हजार लगेच कुठून काढणार? "राहू दे, मी पिळीन हाताने," असे ताईने म्हटले. घरातल्या बाईने असे म्हटले की तो प्रश्न सुटला, असे आपण पुरुष लोक सोयीस्करपणे समजतो!

दाजींना कुणीतरी वेगळीच युक्ती शिकवली होती. झाकणाचा खटका काडी घालून दाबून ठेवायचा, बटण चालू करायचे आणि टपाला हाताने धक्का द्यायचा. ते त्याच तयारीत होते. आम्ही त्यांना थांबवले. ड्रायरचा टप मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. त्यात बाही किंवा ओल्या कपड्याचे टोक अडकले तर हात ओढला जातो आणि बोटे वाचत नाहीत. झाकण उघडताच वीज तुटते आणि ब्रेक लागतो, ती सोय त्यासाठीच केलेली असते. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा जुगाड चालू असेल, तर तो आजच बंद करावा.

आम्ही काही वॉशिंग मशीनचे मेकॅनिक नाही. परंतु पुण्याच्या एका कारखान्यात आमची वीस वर्षे मोटारींच्या आवाजात गेली आहेत आणि आवाजावरून रोग ओळखायची सवय लागली आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेमी ऑटोमॅटिक म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन यंत्रे. धुण्याची मोटार निराळी, ती पट्ट्याने चकती फिरवते. ड्रायरची मोटार निराळी, ती टपाच्या खाली सरळ दांड्याला जोडलेली असते, मध्ये पट्टा नसतो. दोघींचे टायमरही वेगवेगळे. म्हणजे धुण्याची बाजू चालते आणि ड्रायर चालत नाही, याचा अर्थ प्लगपर्यंत वीज येते आहे आणि दोष ड्रायरच्या मोजक्या भागांतच आहे. एवढे समजले तरी निम्मी भीती जाते.

पान्हा हातात घेण्यापूर्वी बघायच्या गोष्टी फुकटच्या आहेत. ताईच्या घरी पाणी जाण्याची नळी मोरीच्या कठड्यावर टेकवलेली होती. सेमी ऑटोमॅटिकमध्ये सहसा पंप नसतो, पाणी उतारानेच जाते. नळी उंच राहिली तर पाणी ड्रायरच्या तळाशी साठते आणि टपाला त्या पाण्यातून फिरावे लागते. नळी जमिनीलगत हवी. दुसरे, कपड्यांचे वजन. एका बाजूला भिजलेली सोलापुरी चादर आणि दुसऱ्या बाजूला दोन बनियन असे भरले तर टप एकीकडे झुकतो, धडाधड आपटतो, कधी अडून बसतो. कपडे चारी बाजूंनी सारखे दाबून भरावेत आणि वर प्लास्टिकची चकती ठेवावी. ही चकती बऱ्याच घरांत माळ्यावर पडलेली असते. ती नसली की हातरुमाल, मोजे वर उडतात आणि टपाच्या कडेवरून खाली जातात.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. खेड्यापाड्यांतून संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा ते १८० पर्यंतही उतरतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १८० व्होल्टला तिच्यात जेमतेम साठ टक्के जोर उरतो. मग ती घुमते, तापते, पण भरलेला टप उचलत नाही. दिवे मंद असतील तेव्हा ड्रायर लावूच नये. सकाळी लावून बघावे.

यानंतर आवाज ऐकावा. बटण फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर वीज मोटारीपर्यंत पोहोचत नाही. दोष झाकणाच्या खटक्यात, टायमरमध्ये किंवा तुटलेल्या वायरमध्ये असतो. गावाकडे वायर उंदीर कुरतडतात, कारण मशीन खालून उघडे असते. आवाज घुमल्यासारखा येत असेल तर वीज पोहोचली आहे, पण टप तरी अडलाय किंवा मोटारीला सुरुवातीचा झटका मिळत नाही. अशा वेळी बटण लगेच बंद करावे. मोटार अडलेल्या स्थितीत घुमत ठेवली तर ती खरोखरच जळते आणि मग मेकॅनिकचे म्हणणे आपणच खरे करून दाखवतो.

ताईकडे आवाज दुसऱ्या प्रकारचा होता. प्लग काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. मग मागचा पत्रा खोलला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर टपाच्या खाली दांड्याला धाकट्याचा शाळेचा मोजा गुंडाळलेला. आम्ही मोठ्या ऐटीत तो काढला, दाजींना दाखवला, पत्रा लावला, बटण फिरवले. पुन्हा तोच आवाज! ताई हसली. आमची ऐट उतरली.

पुन्हा प्लग काढला, पत्रा खोलला. या खेपेस नीट पाहिले. झाकणापासून एक तार खाली ब्रेकपर्यंत जाते. झाकण मिटले की ती ब्रेकला मोकळे करते. पडवीतल्या पावसाच्या झडीने ती तार गंजून आपल्या नळीत चिकटली होती. झाकण मिटले तरी ब्रेक सुटत नव्हता आणि मोटार बिचारी ब्रेक लावलेल्या टपाशी महिनाभर झगडत होती. तार हाताने ओढून धरली तेव्हा टप सहज फिरला. तारेच्या नळीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, पंधरा-वीस वेळा तार मागेपुढे केली, गंज पुसला. तेल फक्त तारेला द्यावे. ब्रेकच्या पट्टीवर थेंबही जाता कामा नये, नाहीतर टप थांबायचाच नाही.

यावेळी बटण फिरवले आणि ड्रायरने सूर धरला.

तार आणि ब्रेक ठीक असून, टप हाताने मोकळा फिरत असूनही मशीन घुमतच राहिले असते, तर आम्हांला कपॅसिटरचा संशय आला असता. मोटारीला पहिला झटका देणारी ही लहानशी डबी. मोटारीच्या मानाने तिची किंमत अगदी किरकोळ, आणि "मोटार गेली" असे जिथे सांगितले जाते तिथे अनेकदा हीच गेलेली असते. पण प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहू शकते, म्हणून तिला आपण हात लावू नये. जाणकाराकडूनच बदलून घ्यावी, आणि जुनीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचीच नवी घालावी. मोटार खरोखर जळालेली असली तर करपल्याचा वास येतो, गुंडाळी काळी पडते, मीटरवर दाखवता येते. मेकॅनिकला "मीटर लावून दाखवा आणि जुना भाग आम्हांला परत द्या" एवढे म्हणायला संकोच वाटू देऊ नये.

फुल ऑटोमॅटिकचे तंत्र निराळे. त्यात पाणी पुरते बाहेर गेल्याशिवाय टप जोरात फिरतच नाही. म्हणून आधी नळी आणि पंपाची जाळी पाहावी. नाणी, पिना, बटणे तिथे सापडतात. बाकीचे काम कारागिरावर सोडावे.

आणि अर्थिंग. मोरीत ओल, पायात चप्पल नाही, हात ओले. मशीनच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील तर ड्रायरचे नंतर बघावे, आधी वायरमन बोलावावा. दोन पिनांच्या प्लगवर मशीन चालवू नये.

ताईच्या सासूबाई हे सगळे चुलीपाशी बसून बघत होत्या. त्यांचे माहेर जुन्या आंबेगावचे. ते गाव आता घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत हुतात्मा झाले, त्यांचे नाव त्या जलाशयाला दिलेले आहे. "आमच्या वेळी नदीवर गोधड्या आपटायच्या," म्हातारी म्हणाली. "दोघींनी दोन टोके धरून पीळ घालायचा. पावसाळ्यात गोधडी धुवायचीच नाही, हे ठरलेले." मग जरा थांबून तिने विचारले, "ह्यात गोधडी बसती का रे?"

गोधडी बसत नव्हती. गणवेश मात्र रात्री चुलीच्या उबेला वाळले आणि मुले सकाळी कोरडे कपडे घालून शाळेत गेली. आम्ही निघालो तेव्हा ताईने मनगटाचे फडके सोडले होते, आणि दाजी टेप घेऊन मशीन पडवीतून आत घ्यायला जागा मोजत होते.