ओल भिंतीत जन्मत नाही

जुन्नर-आंबेगावात तळघराची किंवा जोत्यालगतची भिंत ओलावली, पोपडे सुटले, की पहिला संशय गिलाव्यावर जातो. गवंडी आतून सिमेंटचा थर देतो, त्यावर पाणीरोधक रंग चढतो आणि काही पावसाळ्यांत डाग हातभर वर सरकून पुन्हा उमटतो. दोष रंगाचा असेलच असे नाही. बाहेरच्या मातीत दीड मीटर पाणी भिंतीला टेकून उभे राहिले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दीड टन रेटा येतो आणि तो आतल्या रंगाला भिंतीपासून सुटा करण्याच्याच दिशेने असतो. रेटा नसला तरी दगड-मातीची जुनी भिंत दिव्याच्या वातीसारखी जमिनीतली ओल वर खेचते. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जायची. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आणखी वर चढते आणि सिमेंट संपते तिथे लोणा फुटतो. म्हणजे आधी शोधायचे ते पाणी कुठून येते हे. भिंतीचा विचार त्यानंतर.

‘आमचे घर कातळावर, खालून पाणी येईलच कसे?’ हाही इथला लाडका समज. त्याला उत्तर जुन्नरच्या डोंगरांतच खोदलेले आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरावर थर साचून झाला. सलग थर पाणी धरून ठेवतो. पण भेगांतून आणि दोन थरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यावरून ते आडवे सरकते. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्या किंवा लेण्यांशेजारची टाकी खोदणाऱ्यांना खडकाचा हा स्वभाव ठाऊक होता. त्याच न्यायाने कातळात खणलेले तळघर हेही टाकेच, फक्त आपण त्यात धान्याची पोती ठेवतो. त्यात फरशीखाली मुरमाऐवजी काळी माती भरली, तर ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि फरशीला तडे देते.

पण हे सगळे पाणी जमिनीखालूनच येते असेही नाही. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी होते. भीमाशंकर-आहुपे पट्ट्यात असा पाऊस ही किरकोळ सर. पन्हळ नसेल तर ते सारे पागोळ्यांतून पायाशीच मुरते. यावर कुणी म्हणेल, जुन्या वाड्यांना कुठे पन्हळी होत्या? पण त्यांचे जोते उंच, वळचण पुढे आलेली, चौक उघडा. आता गावठाणात काँक्रीटचा थर चढत जाऊन रस्ता वर आला, जोते खाली गेले आणि उंबऱ्याबाहेरचा उतार घराकडे वळला. वाडा तोच राहिला, भोवतालची पातळी बदलली.

बाहेरून खणून भिंत कोरडी करा, हा सल्ला सामाईक भिंतीच्या दाटीत फोल ठरतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे पाणी अडवण्याचा हट्ट सोडून त्याला वाट द्यावी: छपराचे पाणी पन्हळीने दूर, तळघरात भिंतीकडेने चर, कोपऱ्यात खड्डा आणि पंप. त्याआधी एक स्वस्त चाचणी. फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. ओल मागच्या बाजूला आली तर पाणी भिंतीतून येते आहे. पुढे थेंब जमले तर ती हवेतली वाफ. मग भर पावसात खिडक्या उघड्या टाकून तळघर ‘वाळवणे’ म्हणजे दमट हवेला आत बोलावणे.

डोंगरउतारावरच्या घरांना मात्र हा हिशेब पुरत नाही. मागच्या भिंतीशी अचानक नवी उपळ फुटली, पाणी गढूळ झाले किंवा अंगणात भेग पडली, तर गवंड्याला नव्हे, तहसील कार्यालयाला कळवून घर सोडावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली, तीही मुसळधार पावसानंतरच.