दही चांगलेच, पण औषध जपून

गाय, म्हैस किंवा शेळीला दगडी झाली की जनावरांचे डॉक्टर सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्या दिवसांतल्या दुधाला विरजण लावले तर पुष्कळदा दही नीट लागत नाही. दूध आंबवणारे जिवाणूही त्या औषधाने मरतात. औषधाला चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू असा भेद कळत नाही.

सगळेच मात्र मरत नाहीत. जे टिकतात, ते वाढतात. विरजण जसे आपण शेजारणीकडून वाटीभर मागून आणतो, तसे जिवाणू एकमेकांकडून औषधाला दाद न देण्याचा गुण घेतात. हा गुण त्यांच्या जनुकांत असतो. काही जिवाणूंत तो जन्मजात असतो आणि सहसा दुसऱ्याकडे जात नाही. धोका आहे तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या जनुकांचा. पोटातल्या चांगल्या जिवाणूकडून तो गुण रोगाच्या जिवाणूकडे गेला, तर औषध लागू पडत नाही.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी आपल्याकडच्या आंबवलेल्या पदार्थांतील जिवाणू तपासले. त्यांतल्या काहींत एरिथ्रोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या औषधांना न जुमानणारी जनुके आढळली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून दही, ताक बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दही पौष्टिक आहे, स्वस्त आहे, ते खावे. जपायचे आहे ते औषध. हट्ट्यासारख्या गावात न्यूमोनियाच्या लेकराला किंवा बाळंतिणीच्या तापाला साधे औषध लागू पडले नाही, तर परभणी-नांदेड गाठावे लागते. महागडी इंजेक्शने आणि बुडालेली मजुरी, दोन्हींचा भार हातावर पोट असलेल्या घरावर पडतो.

मग आपण काय करायचे?

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांकडे ते मागू नये. लेकराला साधे जुलाब झाले तर ओआरएस पाजावे आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. शौचातून रक्त पडले, डोळे खोल गेले किंवा लेकरू सुस्त झाले, तर लगेच दवाखाना गाठावा.

पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नये. काही महत्त्वाच्या अँटिबायोटिकसाठी मार्च २०१४ पासून दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवावे लागते. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजारी देऊ नयेत.

जनावराला औषध दिले तर दूध किती दिवस वापरायचे नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषधावर मुदत लिहिलेली नसेल तर दुधासाठी ती किमान ७ दिवस धरावी, असा २०१२ पासूनचा नियम आहे. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश पुरता जात नाही. एका शेळीवर चालणाऱ्या घराला आठवडाभर दूध टाकणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी ते दूध लेकरांना पाजू नये, विकू नये आणि त्याला विरजणही लावू नये.

विहारात महिला मंडळाची बैठक भरेल तेव्हा हा विषय जरूर घ्यावा. एका घराने पाळले आणि दहा घरांनी सोडले तर उपयोग नाही. जिवाणू घराचा उंबरठा पाहत नाहीत.