आधी शब्दशः काढा, मग अलंकार ओळखा

अलंकार शिकवण्याची आपली रीत ठरलेली आहे: व्याख्या, लक्षणं, एखादं घोटीव उदाहरण आणि परीक्षेत ‘अलंकार ओळखा’. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. एवढ्या खुणांवर गुण मिळतात, पण तुलना कशाची आणि कशासाठी, हे राहूनच जातं. इथे पेन्सिल आणि कोरा कागद कामाला येतात.

सुरुवात वाक्प्रचारांपासून करावी. ‘पोटात कावळे ओरडणे’ किंवा ‘डोक्यावर मिरे वाटणे’ हे शब्दशः काढायला सांगितलं की वर्गात हसू फुटतं, आणि ‘असं खरंच घडतं का?’ हा प्रश्न मुलंच विचारतात. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने 1559 मध्ये हेच मोठ्या ताकदीने केलं. बर्लिनमध्ये असलेल्या त्याच्या चित्रात शंभराहून अधिक डच म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः रंगवले आहेत. एक चिलखतधारी विटांच्या भिंतीवर डोकं आपटतोय, दुसरा वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतोय. आपल्याकडच्या ‘वरातीमागून घोडे’वाल्याचा हा सख्खा भाऊच. डच न येणाऱ्या मुलांनाही या माणसाची चूक चित्रातून कळते.

खरी गंमत अलंकारांत आहे. ‘आजीचे हात सायीसारखे मऊ आहेत’ हे वाक्य घ्या. मुलं एका बाजूला हात काढतात, दुसरीकडे दुधाचं पातेलं. झाले उपमेय आणि उपमान. पण मऊपणा काढायचा कसा? साधारण धर्म म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा या अडचणीतून लवकर उमगतं. साय पांढरी असते, तिला सुरकुत्याही असतात. वाक्याने त्यांतला मऊपणा तेवढा उचलला. पण चित्रात सायीच्या सुरकुत्या काढल्या की आजीच्या हातांवरच्याही दिसू लागतात, आणि उपमा आणखी खोल जाते.

आता तेच वाक्य फिरवा. ‘आजीचे हात म्हणजे साय’ म्हटलं की दोन चित्रं वेगळी ठेवता येत नाहीत, हातच सायीचा काढावा लागतो. हे रूपक. ‘हे हात नव्हेत, ही साय’ म्हटलं की हातावर काट मारून साय ठेवायची. ही अपन्हुती. ‘सायीहूनही मऊ हात’ या व्यतिरेकात उपमेय वरचढ, म्हणून हात मोठा. उत्प्रेक्षेतल्या ‘जणू’साठी हातावर सायीची तुटक रेघ पुरते. नावं पुष्कळ, पण नातं बदललं की कागदावरची मांडणी बदलते, आणि ती मुलांच्या लक्षात राहते.

प्रत्येक वाक्प्रचार मात्र चित्रात ओढू नये. ‘पाचावर धारण बसणे’ यातलं मूळ चित्र आज कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तिथे अर्थ सांगून पुढे जावं. आणि गुण चित्रकलेला देऊ नयेत. रेघ वाकडी असली तरी चालेल. चित्राखाली मुलाने दोन ओळी लिहाव्यात: उपमानातलं काय घेतलं, काय सोडलं. शिक्षकाने तपासायचं ते एवढंच.