मानदुखी आणि उपचार करणारे हात

पेढीवर बसणाऱ्यांना मानदुखी नवी नाही. पूर्वी मान वहीत असे, आता ती मोबाइलच्या पडद्यात असते, इतकाच फरक. माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलो वजनाचे असते आणि ते ७ मणक्यांवर तोललेले असते. मान जितकी पुढे झुकते, तितका मागच्या स्नायूंवर ताण वाढतो. सायंकाळी गल्ला मोजताना मान आखडते, ती बहुधा यामुळेच.

मलम आणि शेकाने भागले नाही की अनेक जण केशकर्तनालयात मालिशीनंतर मान ‘मोडून’ घेतात. कट्‌ असा आवाज होतो आणि बरे वाटते. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याशी त्याचा संबंध आहे. धोका मात्र खरा आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने पिरगळल्यास त्यांच्या आतील अस्तराला चीर पडून रक्ताची गुठळी होऊ शकते आणि त्यातून पक्षाघातही संभवतो. असे क्वचितच घडते. तरीही घटकाभराच्या आरामासाठी एवढी जोखीम घेणे व्यवहाराला धरून नाही.

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा हात वेगळ्या रीतीने चालतो. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी मणक्यांच्या हस्तोपचारांवर १९६४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सांध्याला द्यावयाच्या हालचालीच्या त्यांनी चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन हळुवार आणि वेदना शमवण्यासाठी. तिसरी व चौथी आखडलेला सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन मोकळा करण्यासाठी. झटक्याची क्रिया या चारांच्या पलीकडची मानली जाते. अंगठ्यांनी एकेका मणक्यावर लयीत दाब देताना उपचारक रुग्णाला सतत विचारत असतो आणि त्याच्या उत्तरानुसार दाब कमी-अधिक करतो. रुग्णाला उताणे किंवा पालथे झोपवून हे चालते. त्यात पाहण्यासारखे नाट्य काही नसते.

उपचारापूर्वी तपासणी हवीच. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, सोबत ताप किंवा अकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे. अचानक उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली मानदुखी आणि तिच्यासोबत चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलणे अडखळणे असे असेल तर थेट रुग्णालय गाठावे. पहिल्या भेटीत काहीही न विचारता मानेला हात घालणाऱ्याकडून मान सोडवून घेऊ नये.

हाताने मिळालेला आराम बरेचदा काही तास वा काही दिवसच टिकतो. त्या अवधीत व्यायाम झाला तर पुढचा लाभ होतो; नुसत्या बैठकांवर बैठका घेत राहण्यात पैसा जातो आणि दुखणे परतते. मुख्य व्यायाम अगदी साधा आहे. पाठ ताठ ठेवून, मान न झुकवता, हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच-सात सेकंद धरायची आणि सोडायची. असे दहा वेळा. त्याला जोड म्हणून दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणायची. दुखणे वाढल्यास थांबावे. गिऱ्हाईक नसताना गादीवर बसल्या बसल्याही हे सहज होते.