नागपुरात प्लॉट घेताना

उसाच्या बिलाचे पैसे हाती आले की मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात प्लॉट घ्यावा, असे अनेकांच्या मनात येते. मात्र इसारपावती अन् मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीकराराने जागेवर हक्क येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली हेच सांगितले. खरेदीखतच करावे व सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीस द्यावे.

नागपुरात आणखी एक गोम आहे. येथील पुष्कळ जागा नझुलाच्या किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावरच्या. तिथे विकणारा मालक नसतो, पट्टेदार असतो. पट्ट्याची वीस वर्षे उरली असतील तर आपण तेवढीच विकत घेतो. पुढचे सारे नूतनीकरणाच्या अटींवर. म्हणून आखीव पत्रिका व मूळ पट्टा दोन्ही वाचून घ्यावे. मुदत केव्हा संपते, भुईभाडे थकले आहे काय, हस्तांतरणास परवानगी लागते काय? “परवानगी मागाहून आणू” म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच द्यावेत! व्यवहार झाल्यावर आखीव पत्रिकेवर आपले नाव लगेच चढवून घ्यावे. हे राहून गेले तर पुढे वारसांना फेऱ्या माराव्या लागतात.