सांता दार वाजवून येतो तेव्हा

फिनलंडमध्ये २४ डिसेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला घरोघरी टीव्ही लागलेला असतो. तुर्कू शहराच्या जुन्या चौकात ब्रिन्काला नावाची हवेली आहे. तिच्या सज्जातून नाताळच्या शांततेचं फर्मान वाचून दाखवतात. सणात दंगा कराल तर एरवीपेक्षा कडक शिक्षा होईल, असा सणसणीत दम त्यात आहे. ही प्रथा चौदाव्या शतकापासूनची मानली जाते. फर्मान संपलं की सण लागला, आणि घरातल्या मोठ्यांची खरी धांदल सुरू झाली. कारण दिवेलागणीला सांता यायचा असतो. तोही मुलं टक्क जागी असताना, दार वाजवून, हाडामांसाचा.

धुराड्यातून उतरून मोज्यांत भेटी भरणारा आणि दूध-बिस्किटं खाऊन पसार होणारा सांता अमेरिकी आईबापांना मोठा सोयीचा. तो कुणाला दिसतच नाही, त्यामुळे कुणाला सोंग घ्यावं लागत नाही. फिनिश आईबापांना ही सवलत नाही. त्यांच्या ‘योउलुपुक्की’ला पायऱ्या चढून, दिवाणखान्यात बसून, पोरांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं असतं. म्हणून तिथे घराची तयारी म्हणजे निम्मी सजावट आणि निम्मं नेपथ्य.

सजावटीचा भाग तसा सरळ आहे. आठवडाभर आधी घर घासूनपुसून निघतं, छताला गवताच्या काड्यांचं ‘हिम्मेली’ नावाचं नाजूक झुंबर टांगलं जातं, पक्ष्यांसाठी अंगणात ओटची पेंढी बांधली जाते. डुकराच्या मांसाचा भलामोठा तुकडा आदल्या रात्री मंद आचेवर ओव्हनमध्ये जातो. सकाळी तांदळाची खीर होते. त्यात एकच बदाम लपवलेला असतो आणि ज्याच्या वाटीत तो येईल त्याचं नशीब फळफळलं म्हणायचं. दुपारी कबरस्तानात मेणबत्त्या लावायच्या, मग सगळ्यांनी सौनात घाम गाळून स्वच्छ व्हायचं. जुनी माणसं सौनाची शेवटची ऊब घरराख्या ‘तोन्त्तू’साठी ठेवून निघत. हा तोन्त्तू महिनाभर मुलांच्या कामी आलेला असतोच. डिसेंबरात कुणी हट्ट केला, की आई खिडकीकडे बोट दाखवते: तोन्त्तू बघतोय, सांताला जाऊन सांगेल.

नेपथ्याचं काम मात्र नाजूक. भेटींचं पोतं मुलांच्या नजरेआड, पण सांताच्या हाताशी हवं. म्हणून ते गॅरेजमध्ये, व्हरांड्यात नाहीतर सरपणाच्या ढिगामागे ठेवतात. प्रत्येक पुडक्यावर नाव ठळक लिहायचं, कारण थंडीतून उबदार घरात शिरलेल्या सांताचा चष्मा वाफेने धुरकटतो आणि मिश्या तोंडात जात असतात. पोत्याजवळ चिठ्ठी लागते: मुलांची नावं, वयं आणि एखादी घरातलीच गोष्ट. धाकटीने यंदा चोखणी सोडली, थोरला पोहायला शिकला. एवढ्या भांडवलावर सांता सर्वज्ञ ठरतो. फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ फावड्याने काढलेला हवा, बाहेरचा दिवा चालू हवा, घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसायला हवा आणि कुत्रा आतल्या खोलीत कोंडलेला बरा.

सोंग कुणी घ्यायचं? आजोबा, काका किंवा शेजारी हे पहिले उमेदवार. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून बाबा सटकतात आणि नेमके सांता आला की घरी नसतात. (शेजारच्या स्वीडनमध्ये बाबा वर्तमानपत्र आणायला जातात, दुकानं बंद असतात, पण ते कुणी विचारायचं नसतं.) फसतं ते बहुधा पायांमुळे. दाढी बदलते, आवाज बदलतो, पण बाबांचे बूट बाबांचेच राहतात, आणि चार वर्षांच्या मुलाची नजर नेमकी तेवढ्याच उंचीवर असते. हातातलं घड्याळही असंच दगा देतं. अनुभवी घरं म्हणून नमद्याचे जाड बूट वेगळे काढून ठेवतात.

घरचा माणूस नसेल तर सांता भाड्याने मिळतो. विद्यार्थी, स्काउट, क्रीडामंडळं यांच्या वरकमाईचा हा हंगाम. संध्याकाळच्या पहिल्या वेळा लवकर भरतात. हेलसिंकीत सूर्य सव्वातीनच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे काळोखाची वाट बघावी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत एक घर उरकायचं आणि पुढच्या घरी पळायचं. एका घरी एखादं पोर घाबरून रडलं, की पुढची सगळी घरं ताटकळतात. पूर्वी प्रत्येक यजमान पाहुण्याला एकेक घोट पाजायचा, त्यामुळे शेवटच्या घरी पोचेपर्यंत सांता झिंगलेला असायचा. त्याचे विनोद फिनलंडमध्ये अजून रंगतात. आता सांता गाडी चालवत येतो, तेव्हा त्याला कॉफी विचारलेली बरी.

तो येतो आणि दारातच विचारतो, “इथे शहाणी मुलं आहेत का?” या प्रश्नाला नाही म्हणायची पद्धत नाही. मुलं गाणं म्हणतात. मग लाल टोप्या घातलेली हीच मुलं तोन्त्तू होऊन पुडक्यांवरची नावं वाचतात आणि वाटतात. सांताचा चष्मा धुरकटला असेल तर हे त्याच्या पथ्यावरच पडतं.

गंमत म्हणजे हा पाहुणा मुळात द्यायला नव्हे, मागायला येई. अंगावर उलटी केलेली मेंढीची कातडी, तोंडाला बर्च झाडाच्या सालीचा मुखवटा, डोक्यावर शिंगं, अशा अवतारात ‘नूत्तिपुक्की’ म्हणजे बोकड झालेली तरुण पोरं १३ जानेवारीला दारोदार फिरत आणि सणाचं उरलंसुरलं अन्न नि बिअर मागत. आपल्या शिमग्याच्या सोंगांचे हे जणू चुलतभाऊच. पश्चिम फिनलंडच्या काही भागांत ते अजून निघतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनी-स्वीडनकडून आलेला भेटी वाटणारा म्हातारा या बोकडात मिसळला. म्हणून ‘योउलुपुक्की’ हे नाव बोकडाचं राहिलं, काम म्हाताऱ्याचं.

त्याचा पत्ताही ठरला तो रेडिओवर. १९२७ साली मुलांच्या कार्यक्रमात ‘मार्कुस काकां’नी सांगितलं, की तो रशियाच्या सीमेवरच्या कोर्वातुन्तुरी डोंगरात राहतो. डोंगराचा आकार कानासारखा, तेव्हा जगभरच्या मुलांचं बोलणं त्याला ऐकू येतं. त्याचं कचेरीवजा घर आणि टपाल मात्र रोव्हानिएमीजवळ आहे, आर्क्टिक वृत्तावर. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळलेलं हे शहर. १९५० मध्ये एलेनॉर रूझवेल्ट तिथली पुनर्बांधणी बघायला आल्या, तेव्हा घाईघाईत ओंडक्यांची एक झोपडी उभारली गेली. तिच्या आसपास पुढे सांताचं गाव वसलं आणि पर्यटक वाढले. फिनिश कुटुंबांना तिकडे जायची फारशी गरज नसते; त्यांच्याकडे तो स्वतःच येतो.

२०२० साली कोरोनामुळे त्याला आत घेणं अवघड होतं, तेव्हा काही घरांनी त्याला अंगणातच उभं केलं, तर काहींनी संगणकाच्या पडद्यावर बोलावलं. एरवी तो गेल्यावर पुडकी फुटतात, पालकांचा जीव भांड्यात पडतो आणि दुसरा दिवस संपूर्ण सुस्तीचा असतो. २५ तारखेला कुणाकडे जाणं जुन्या रीतीप्रमाणे अशिष्ट समजलं जाई. भेटीगाठी २६ला, सेंट स्टीफनच्या दिवशी सुरू होतात. पूर्वी त्या दिवशी घोडे जुंपून घसरगाड्यांतून गावभर हिंडायची पद्धत होती.