विश्लेषण : जुलाब पोटात, मग पाय लुळे का पडतात? पेशीच्या पातळ पडद्यावर नेमके काय घडते?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात ‘गुलेन बॅरे सिंड्रोम’ अर्थात जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले. फेब्रुवारी संपेपर्यंत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली होती. एरवी हा आजार वर्षाला लाखामागे एक-दोघांनाच होतो. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. ते थांबले आणि काही दिवसांनी पायांतली ताकद गेली. पोटाच्या संसर्गाचा पायांशी काय संबंध? उत्तर दडले आहे ते शरीरातील प्रत्येक पेशीला वेढणाऱ्या पडद्यात आणि त्यात रुतलेल्या प्रथिनांत. पिण्याचे पाणी उकळणे, टाकीत क्लोरिन टाकणे, जलसंजीवनी पिणे या नेहमीच्या सूचनांमागचे कारणही तिथेच सापडते. नळ, बोअरवेल आणि टँकर अशा तिहेरी पाण्यावर चालणाऱ्या खराडीसारख्या भागासाठी ते समजून घेणे गरजेचे आहे.

पेशीचा पडदा कशाचा बनलेला असतो?

मुख्यतः चरबीचा. मिसळीची तर्री रश्श्यात विरघळत नाही, वर तरंगत राहते, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पेशीच्या पडद्यातील चरबीचे रेणू मात्र दुतोंडी असतात. त्यांच्या डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना नकोसे असते. पाण्यात सोडले की हे रेणू आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर, पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या नेदरलँड्समधील संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींच्या चरबीवरून हा पडदा दुपदरी असल्याचे मांडले. त्याची जाडी साधारण सात ते आठ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी.

शालेय पुस्तकांत याला ‘प्रद्रव्यपटल’ म्हणतात. ते भिंतीसारखे कडक नसते. त्यातील रेणू सतत सरकत असतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रारूपात हा पडदा म्हणजे चरबीचा प्रवाही थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने, असे चित्र आहे.

मग प्रथिनांचे काम काय?

चरबीच्या थरातून ऑक्सिजनसारखे लहान वायू सहज आरपार जातात. मीठ, साखर असे पदार्थ मात्र अडतात. पेशीला तर ते हवे असतात. ही ये-जा प्रथिने सांभाळतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट पद्धतीने दुमडली की तिला आकार येतो आणि त्या आकारावर तिचे काम ठरते.

पडद्यातील काही प्रथिने बोगद्यासारखी असतात. काही पंपासारखी, तर काही बाहेरून आलेला निरोप आत पोहोचवणारी. सोडियम-पोटॅशियम पंप हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधे पडद्यातील कोणत्या ना कोणत्या प्रथिनावर काम करतात.

मेंदूचा निरोप पायापर्यंत कसा पोहोचतो?

याच बोगद्यांतून. मज्जातंतूच्या पडद्यावर सोडियमचे बोगदे क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतो आणि पडद्याच्या दोन बाजूंमधील विद्युतदाब पालटतो. हा बदल पुढे सरकत जातो, तोच मेंदूचा निरोप. अनेक तंतूंवर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टन असते. वायरवरच्या प्लास्टिकसारखे. या वेष्टनात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि सोडियमचे बोगदे तिथे दाटीवाटीने बसलेले असतात. निरोप एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो. त्यामुळेच सर्वांत वेगवान तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास अंतर कापतो.

जीबीएसमध्ये या व्यवस्थेला काय होते?

इथे फसगत होते ती रोगप्रतिकारक यंत्रणेची. मज्जातंतूच्या पडद्यावर ‘गँग्लिओसाइड’ नावाचे रेणू असतात. त्यांचे चरबीचे टोक पडद्यात रुतलेले आणि साखरेची साखळी बाहेर आलेली. त्यातील एकाचे नाव जीएम१. दूषित पाणी, अर्धेकच्चे चिकन किंवा न तापवलेले दूध यांतून पोटात जाणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू जुलाबाचे एक नेहमीचे कारण आहे. त्याच्या काही प्रकारांच्या आवरणावरील साखरेची साखळी हुबेहूब जीएम१सारखी असते. जपानचे नोबुहिरो युकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे साधर्म्य दाखवून दिले.

शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडेही प्रथिनेच. जिवाणू मरतो, जुलाब थांबतात. पण काही जणांत तीच प्रतिपिंडे मज्जातंतूवरील जीएम१ला शत्रू समजून चिकटतात. त्यापाठोपाठ रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ गटातील प्रथिने जमतात आणि मज्जातंतूच्या पडद्यालाच भोके पाडतात. ही भोके पाडण्याचे कसब मुळात जिवाणू मारण्यासाठी असते. पडदा फुटला की सोडियमचे बोगदे जागेवरून हलतात आणि निरोप वाटेतच विरतो. काही रुग्णांत मुख्य हल्ला मायलिनच्या वेष्टनावर होतो. परिणाम तोच. स्नायू शाबूत असतात, पण त्यांना आज्ञाच मिळत नाही.

हे घडायला वेळ लागतो. म्हणूनच जुलाब आणि लुळेपणा यांच्यामध्ये साधारण एक ते तीन आठवडे जातात. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या सुमारे हजारातल्या एकालाच जीबीएस होतो. त्यामुळे प्रत्येक जुलाबाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र एकाच वेळी खूप लोकांच्या पोटात दूषित पाणी गेले, तर हजारातला एक हा आकडाही लहान राहत नाही. पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर, तर काहींमध्ये नोरोव्हायरस आढळला होता.

यावर उपचार कसे होतात?

दोन उपाय प्रचलित आहेत. एकात रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, यंत्राद्वारे बदलून घातक प्रतिपिंडे काढून टाकली जातात. दुसऱ्यात हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून मिळवलेली निरोगी प्रतिपिंडे शिरेतून दिली जातात. ती चुकलेल्या प्रतिपिंडांचा आणि कॉम्प्लिमेंटचा जोर कमी करतात. हल्ला थांबल्यावर शरीर पडद्याची दुरुस्ती करते. त्याला आठवडे किंवा महिने लागू शकतात. बहुतांश रुग्ण सहा महिन्यांत आधाराविना चालू लागतात. श्वासाच्या स्नायूंपर्यंत लुळेपणा पोहोचला तर मात्र व्हेंटिलेटर लागतो. म्हणूनच वेळेत रुग्णालयात पोहोचणे महत्त्वाचे.

जलसंजीवनी नेमकी काय करते?

ज्या जीएम१मुळे मज्जातंतू अडचणीत येतो, तोच रेणू आतड्याच्या पेशींवरही असतो आणि पटकीचे विष त्यालाच धरून आत शिरते. पटकीचा जिवाणू आतड्यात विष सोडतो, हे कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. या विषामुळे आतड्याच्या पडद्यातील क्लोराइडचा बोगदा उघडाच राहतो. क्षार बाहेर वाहतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. रुग्ण काही तासांत कोरडा पडतो.

पण त्याच पडद्यातील दुसरे एक प्रथिन पटकीतही शाबूत असते. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्रच आत ओढते. त्यांच्यामागून पाणीही आत येते. म्हणजे नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिल्याने जे साधत नाही, ते मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिल्याने साधते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडवाहतूक मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्रमाण चुकले तर हा उपाय उलटतो. साखर जास्त झाली की ती आतड्यातच राहते आणि शरीरातील पाणी बाहेर ओढते. एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे. या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, त्यामागे हेच कारण आहे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण.

खराडीतील सोसायट्यांसाठी याचा अर्थ काय?

सिंहगड रस्ता आणि खराडी ही शहराची दोन टोके आहेत. पाण्याची योजनाही एक नाही. शहराचा मोठा भाग खडकवासला साखळीतील धरणांवर अवलंबून आहे, तर खराडी, वडगाव शेरी, विमाननगर या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणण्यात आले. तरीही अनेक सोसायट्यांत नळाचे, बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी एकाच तळटाकीत मिसळते. महापालिकेने शुद्ध केलेल्या पाण्यातील क्लोरिन अशा मिश्रणात लवकर संपतो.

क्लोरिन पाण्यात मिसळल्यावर तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल जिवाणूच्या पडद्यातून सहज आत जाते आणि आतली प्रथिने नासवते. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन गाळातच खर्च होतो, जिवाणूंसाठी उरत नाही. त्यामुळे टाकी आधी स्वच्छ हवी आणि क्लोरिन टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी वापरू नये. घरातील नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. तपासणीचे छोटे संच बाजारात मिळतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले, तर क्लोरिन आहे. सोसायटीच्या कार्यालयात ही नोंद रोज ठेवणे अवघड नाही.

उकळल्याने, सॅनिटायझरने, आरओने भागते का?

उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, कारण प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पुन्हा पूर्ववत बसत नाहीत. जिवाणूंच्या प्रथिनांचेही तेच होते. चिकन आतपर्यंत शिजवण्याचे कारणही हेच.

अल्कोहोलचे सॅनिटायझर चरबीचा पडदा विस्कटते. करोनाच्या विषाणूवर ते चालले, कारण त्याला चरबीचे आवरण असते. नोरोव्हायरसला असे आवरणच नसते, त्यामुळे त्याच्यावर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात चोळून धुवावेत, असा आग्रह धरला जातो तो यासाठी.

आरओचा पडदा जिवंत नसतो. दाबाने पाणी ढकलून क्षार आणि जंतू मागे ठेवणे, एवढेच त्याचे काम. सोबतचा कार्बन फिल्टर पाण्यातील क्लोरिनही काढून टाकतो. त्यामुळे आरओचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर राहिले, तर त्यात पुन्हा जंतू वाढू शकतात. शिवाय भाज्या धुण्याचे आणि चूळ भरण्याचे पाणी बहुतेक घरांत थेट टाकीचेच असते. आरओ घरी आहे म्हणून टाकीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाब होऊन गेल्यानंतर काही दिवसांनी दोन्ही पायांत मुंग्या येणे, जिने चढताना पाय न उचलणे, तोल जाणे, हातातून वस्तू निसटणे, चेहरा वाकडा होणे किंवा घोट गिळताना त्रास होणे, यातील काहीही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि आधी जुलाब झाले होते हे आवर्जून सांगावे. श्वास अपुरा पडत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. मुंग्या येण्याला थकवा समजून थांबल्यास उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. उपचार सुरू होईपर्यंत मज्जातंतूवरील हल्ला चालूच राहतो आणि जितका पडदा शाबूत राहील, तितका रुग्ण लवकर उभा राहण्याची शक्यता अधिक.